रात्री श्वास अडतो, पाय उडतात

या पानावर मी हुमणीविषयी लिहावे, पाचट न जाळण्याविषयी लिहावे, फार तर पीक विम्याच्या मुदतीची आठवण द्यावी, अशी आपली अपेक्षा असते. आज मी झोपेविषयी लिहिणार आहे. "कृषी खात्याला झोपेची बरी आठवण झाली," असे कुणीतरी म्हणेलच. म्हणू द्या.

गावोगावी संध्याकाळच्या बैठका घेताना मी एक गोष्ट नेहमी पाहतो. बोलायला उभे राहून पाच मिनिटे होत नाहीत तोच ठरावीक दोन-तीन माणसे पेंगायला लागतात. दिवसभर राबलेल्या माणसाचा बसल्यावर डोळा लागणारच, त्यात नवल नाही. ज्यांच्या वाटणीला अजून रात्रपाळीची वीज आहे, तो गडी रात्रभर उसाला पाणी देऊन आलेला असतो. त्याला कसलाही आजार नाही, त्याला झोप हवी आहे. तो आजार विजेच्या वेळापत्रकाचा आहे. पण काही माणसे अशी असतात की रात्री आठ तास अंथरुणात असतात, दुपारी जेवून पुन्हा तासभर पडतात आणि तरीही बसल्या जागी मान टाकतात. मग हशा होतो. मागून कुणी खडा मारतो. "जास्त झाली वाटतं," असा शेरा येतो. मीही त्या हशात सामील झालेलो आहे, हे आधीच कबूल करतो.

अशाच एका शेतकऱ्याची हकिकत सांगतो. नाव लिहीत नाही. वय पंचेचाळीस, साडेचार एकर बागायत, घरचा ट्रॅक्टर, त्यावर गावात भाड्याने नांगरट. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी, सरळ रस्त्यावर, त्याचा ट्रॅक्टर चारीत गेला. खांद्याचे हाड मोडले. मागे ट्रॉली नव्हती आणि ट्रॉलीत माणसे नव्हती, हे नशीब. गावाने निदान संध्याकाळपर्यंत करून टाकले: दारू. या माणसाच्या गळ्यात पंधरा वर्षे तुळशीची माळ आहे. हाड तीन महिन्यांत जुळले, पण ती अफवा अजून कुठे कुठे फिरते.

खरे कारण सापडले ते रक्तदाबाच्या निमित्ताने. दोन गोळ्यांच्या तीन झाल्या तरी दाब उतरत नव्हता. ग्रामीण रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरने त्याला बाजूला बसवून बायकोला आत बोलावले. ती बोलली ते असे: "साहेब, मालक घोरता घोरता एकदम गप होत्यात. मी आकडे मोजती. वीस-पंचवीसपर्यंत जातंय, श्वासच न्हाई. मग पाय झाडत्यात, म्हस फुरफुरल्यासारखा आवाज येतो आन् पुन्हा घोरणं सुरू. लाथा बसत्यात म्हणून मी खालीच झोपती." सासूने दोनदा लिंबू उतरवून टाकले होते. माणसाला स्वत:ला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याचे म्हणणे एवढेच, की आपण पडल्या पडल्या गाढ झोपतो, तरी सकाळी डोके जड असते, तोंड कोरडे पडते आणि रात्री तीन-चारदा लघवीला उठावे लागते. साखर तपासून झाली होती, ती ठीक होती.

मोठ्याने घोरणारा माणूस गाढ झोपतो, अशी आपली पक्की समजूत आहे. ती चुकीची आहे. प्रत्येक घोरणाऱ्याला आजार असतो असे नाही. पण घोरता घोरता मध्येच शांतता, मग धडपडून श्वास, आणि दिवसा पेंग, असे एकत्र दिसले तर तो निद्रा-श्वासरोध असू शकतो. डॉक्टर त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. २०२२ च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले होते, त्या वेळी तो शब्द आपल्याकडच्या टीव्हीवरही दोन दिवस ऐकू आला. नंतर विसरलो. पण आजार दुर्मीळ नाही. देशातल्या अनेक पाहण्या एकत्र करून २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी जो अंदाज काढला, त्यात प्रौढांत शंभरी सुमारे अकरा जणांना हा त्रास निघाला. पुरुषांत जास्त, बायकांत कमी. बायकांचे मात्र पाळी गेल्यानंतर प्रमाण वाढते.

हा आजार मोटारीच्या पाइपावरून चांगला समजतो. पंप बसवताना सक्शनला आपण कडक पाइप लावतो. तिथे लपेटा पाइप लावला तर काय होईल? पंप ओढायला लागला की पाइप आतल्या आत चिकटेल आणि पाणी बंद होईल. तोच लपेटा डिलिव्हरीला लावा, आत पाणी दाबाने येते, पाइप टम्म फुगून उघडा राहतो. आपला घसा हा मऊ पाइप आहे. जागेपणी स्नायू त्याला ताठ धरून ठेवतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते, आणि श्वास आत ओढताना काहींचा घसा चिकटतो. छाती ओढत राहते, हवा जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मग मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागे करतो, घसा उघडतो, पुन्हा झोप. हे जागे होणे इतके थोडे असते की सकाळी आठवत नाही. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला तर तो अडथळा धरतात. पूर्ण थांबला नाही पण बराच कमी झाला, तोही मोजतात. तासाला पाचपर्यंत चालते, पंधराच्या वर मध्यम, तीसच्या वर तीव्र. आमच्या माळकऱ्याचे बेचाळीस निघाले. म्हणजे दर दीड मिनिटाला कुणीतरी हलवून उठवावे तसे, रोज, कित्येक वर्षे. अशा माणसाने सभेत पेंगू नये तर काय करावे?

जाड माणसालाच हे होते, असे समजू नका. वजन आणि जाड मान ही मोठी कारणे खरी, पण हनुवटी मागे असलेल्या सडपातळ माणसालाही होते आणि टॉन्सिल वाढलेल्या मुलालाही. दारूने आणि झोपेच्या गोळीने घसा आणखी सैल पडतो. मेडिकलवरून "झोपेची एक द्या" म्हणून गोळी आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता यंत्राकडे येतो. १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी पाच रुग्णांवरचा प्रयोग छापला. झाडणीच्या व्हॅक्यूम यंत्राची मोटार त्यांनी उलटी वापरली, म्हणजे ओढण्याऐवजी फुंकायला लावली, आणि ती हवा रुग्णाच्या नाकात सोडली. सक्शनचे डिलिव्हरी केले, बस्स. घसा हवेच्या दाबाने उघडा राहिला आणि माणसे त्याच रात्री शांत झोपली. आजचे सीपॅप यंत्र म्हणजे तेच: उशाशी ठेवण्याएवढी पेटी, एक नळी, नाकावर मास्क. हा प्राणवायूचा सिलिंडर नाही आणि अतिदक्षता विभागातले व्हेंटिलेटरही नाही, श्वास आपणच घ्यायचा असतो. दाब पाण्याच्या उंचीवर मोजतात, साधारण चार ते वीस सेंटिमीटर. ठिबकला आपण एक किलो दाब म्हणतो, म्हणजे दहा मीटर पाण्याची उंची. दहा सेंटिमीटर म्हणजे त्याचा शंभरावा भाग. "हवेनं छाती फुटंल का," असे मला एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले होते. एवढ्या दाबाने छाती फुटत नाही.

यंत्राने होते काय आणि काय होत नाही, तेही सांगतो. घोरणे थांबते, दिवसाची पेंग जाते, रक्तदाब थोडा उतरतो. पण मास्क बाजूला ठेवला की आजार परत हजर. हृदयविकार आणि पक्षाघात टळतातच, असे मात्र सिद्ध झालेले नाही. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या सुमारे सत्तावीसशे लोकांवरचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात यंत्र वापरणारांत तसे झटके कमी झाले नाहीत. त्या लोकांनी यंत्र रात्रीत सरासरी साडेतीन तासही वापरले नव्हते, हीही गोष्ट आहेच. अर्धी पाळी पाणी देऊन पीक का वाळले म्हणून विचारण्यात अर्थ नाही. चार तास तरी रोज, हा किमान हिशेब डॉक्टर धरतात.

माळकऱ्याने यंत्र घेतले. चाळीस हजारांच्या आसपास पडले, दुधाच्या बिलातून हप्ते फेडले. दोन महिन्यांनी मी त्याच्या वस्तीवर ठिबकच्या मोका तपासणीला गेलो तेव्हा ते लोखंडी पेटीत, धोतरजोडीखाली ठेवलेले होते. कारण विचारले. "साहेब, घोरणं गेलं, पण पाय उडायचे ते उडत्यातच. मग उपेग काय?"

हा लेख लिहायला बसलो तो खरे तर त्या एका वाक्यामुळे. पाय उडतात म्हणून यंत्र बंद करू नका. पाय का उडतात ते शोधा, कारण ते एकाच कारणाने उडत नाहीत.

श्वास अडला, मेंदू दचकला, की त्या दचक्याबरोबर पायही झाडला जातो. हा श्वासरोधाचाच भाग. यंत्राचा दाब बरोबर असेल तर हे झाडणे बहुधा थांबते. मास्क गळत असेल किंवा दाब कमी पडत असेल तर श्वास थोडाफार अडतच राहतो आणि पायही थांबत नाहीत.

पण पायांची स्वत:चीही एक खोड असते. आधी अंगठा वर उचलतो, मग घोटा वळतो, कधी गुडघाही. एखाद-दोन सेकंद, क्वचित दहापर्यंत. मग पाय शांत, आणि वीस-तीस-चाळीस सेकंदांनी पुन्हा तेच, एखाद्या कारंज्याच्या स्प्रिंकलरसारखे ठरावीक वेळाने. माणूस झोपेतच असतो. वय वाढते तसे हे वाढते, आणि पुष्कळांना त्याचा काही त्रास नसतो, तिथे औषधही लागत नाही. तासाला पंधराच्या वर झटके आणि शिवाय झोप मोडते आहे, दिवसा थकवा आहे, आणि दुसरे कारण सापडत नाही, तेव्हाच डॉक्टर त्याला आजार म्हणतात. गंमत अशी की श्वासरोधाच्या गोंधळात ही खोड झाकलेली असते. यंत्र लावले, घोरणे गेले, झोप सलग झाली, की ती उघडी पडते. घरच्यांना वाटते यंत्रानेच पाय उडायला लागले. तण काढल्यावर खालची मर दिसावी, तसला हा प्रकार आहे.

आणखी एक त्रास जागेपणीचा. संध्याकाळी टेकले की पाय वळवळतात, आत मुंग्या चालल्यासारखे, ओढल्यासारखे वाटते, हलवले की बरे, ठेवले की पुन्हा सुरू. वांब येऊन पोटरी आखडते ते वेगळे, आणि साखरेच्या रोग्याच्या तळपायाची आग तीही वेगळी. ही पायांची अस्वस्थता असलेल्या बहुतेकांचे पाय झोपेतही उडतात. गरोदरपणात, विशेषत: शेवटच्या तीन महिन्यांत, पुष्कळ बायकांना ही होते. दिवसभर खुरपून आलेली बाई रात्री पाय चोळत बसते, सून तेल लावते, आणि घरात कुणी ही तक्रार म्हणून मोजत नाही.

यात लोहाचा संबंध मोठा आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी आढळले, त्याला लोहाची कमतरता हे एक मोठे कारण. पण नुसते हिमोग्लोबिन पाहून भागत नाही. हिमोग्लोबिन म्हणजे हौदातले पाणी, विहिरीत किती आहे ते फेरिटिन या तपासणीने कळते. हौद भरलेला आणि विहीर तळाला, असे होऊ शकते. पायांच्या या त्रासात फेरिटिन ७५ पर्यंत असले तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. आमच्या माळकऱ्याचे अठरा निघाले. लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका, आणि डॉक्टरांनी दिल्या तर चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही.

गोळ्यांचाही उलटा परिणाम होतो. सर्दी-शिंकांवरच्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या आणि मनाच्या उदासीवरची काही औषधे पायांचा त्रास वाढवतात. माळकरी मळणीच्या धुळीने शिंका येतात म्हणून रोज रात्री तसली एक गोळी घेत होता, हे डॉक्टरांना सांगायचेच राहून गेले होते. या पायांसाठी पूर्वी कंपवातावरच्या गोळ्या सर्रास देत. वर्षानुवर्षे घेतल्यावर त्यांनीच त्रास वाढतो असे दिसल्याने अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०२५ मध्ये त्या सरसकट देऊ नयेत असे सुचवले. ज्यांच्याकडे अशी जुनी चिठ्ठी आहे त्यांनी ती डॉक्टरांना दाखवावी. एकदम बंद मात्र करू नये.

तपासणीविषयी थोडे. जिल्ह्याच्या ठिकाणी छातीरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर ही तपासणी कुठे होते ते सांगतात. घरी लावायचे छोटे यंत्रही मिळते, श्वासरोधाला ते बऱ्याचदा पुरते, पण त्यात पाय सहसा मोजले जात नाहीत. पायांची तक्रार असेल तर ती आधी सांगा. दवाखान्यातल्या रात्रभराच्या तपासणीत नडगीच्या स्नायूवर तारा चिकटवतात, तिथे पाय आणि श्वास एका कागदावर येतात. आणि जाताना रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसाला बरोबर न्या. मोबाइलवर पाच मिनिटांचे चित्रण केले तरी डॉक्टरांना उपयोग होतो.

यंत्र जुने, वापरलेले, स्वस्तात मिळते म्हणून घेणारे आहेत. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली लाखो यंत्रे परत मागवली, कारण आतल्या आवाज दाबणाऱ्या फोमचा भुगा होऊन तो श्वासात जाण्याची भीती होती. तसले यंत्र आपल्या पदरात येत नाही ना, ते मॉडेल क्रमांकावरून बघून घ्यावे. शिवाय दाब आपल्याला बसवलेला हवा, शेजाऱ्याचा चष्मा लावून चालत नाही.

आता गावकारभाऱ्यांसाठी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (ज्यांना आपण सगळे अजून ग्रामसेवकच म्हणतो), पोलीस पाटलांना आणि साखर कारखान्याच्या ऊस वाहतूक विभागाला माझी विनंती आहे. गाळप सुरू झाले की आपल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. श्वासरोधाचा उपचार न झालेल्या चालकाच्या हातून अपघात होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट वा त्याहून जास्त असतो, असे परदेशातल्या चालकांच्या अभ्यासांत दिसले आहे. हंगामापूर्वी चालकांच्या डोळ्यांचे शिबिर होते, त्याच दिवशी चार प्रश्न विचारायला काय हरकत आहे? मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास थांबतो असे कुणी पाहिले का, दिवसा पेंग येते का, रक्तदाब आहे का. हो-हो आले की डॉक्टरकडे चिठ्ठी. काम काढून घेण्याची धमकी मात्र नको, नाहीतर सगळे "नाही" म्हणतील आणि ट्रॅक्टर घेऊन जातील. ज्या माणसाचा अपघात झाला त्याच्या तोंडाचा वास घेण्याआधी त्याच्या बायकोला दोन शब्द विचारा.

माळकऱ्याच्या यंत्राचे कार्ड डॉक्टरांनी वाचले तेव्हा मास्क रात्रभर गळत होता, असे दिसले. मिशीवर तो नीट बसत नव्हता. मास्क बदलला, शिंकांची गोळी बदलली, तीन महिने लोह घेतले. पाय आता पुष्कळ शांत आहेत. पूर्ण नाहीत, अधूनमधून उडतात. बायको पुन्हा खाटेवर झोपते.

एक अडचण राहिली आहे ती विजेची. वीज गेली तर यंत्र बंद पडते एवढेच, मास्कला हवेची भोके असतात, माणूस गुदमरत नाही. पण त्या रात्री उपचार नाही. गावठाणात राहणाऱ्याला वीज बऱ्यापैकी असते. वस्ती शेतीपंपाच्या वाहिनीवर असेल तर वीज पाळीपाळीने येते, आणि दिवसपाळीच्या आठवड्यात रात्री अंधार. त्याने आधी ट्रॅक्टरची बॅटरी जोडायचा विचार केला होता, मी थांबवला. काही यंत्रे बारा व्होल्टवर चालतात, काही चोवीसवर, चुकीची तार जोडली तर चाळीस हजार धुरात जातील. सध्या त्याने छोटा इन्व्हर्टर घेतला आहे, पाणी तापवायचे भांडे बंद ठेवले तर रात्र निघते. वस्तीवर सिंगल फेज मिळावी म्हणून अर्ज दिला आहे. अर्जाला सात महिने झाले, उत्तर आलेले नाही.